पासवर्ड मॅनेजरमधून द्विस्तरीय पडताळणीचे कोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागरपासून दापोलीपर्यंतच्या पट्ट्यात होमस्टे चालवणारी कुटुंबे, आंब्याचे बागायतदार आणि काजूचे छोटे कारखानदार यांची ऑनलाइन खाती नीट लावून देण्याचे काम मी करतो. या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. पासवर्ड मॅनेजर म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत सांभाळणारे अ‍ॅप, एवढे वाचकाला ठाऊक आहे असे धरले आहे. द्विस्तरीय पडताळणी म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक कोड मागून खातरजमा करणे; त्या कोडविषयी मात्र सगळे पहिल्यापासून सांगितले आहे.

हा कोड म्हणजे एसएमएसने येणारा ओटीपीच ना?

दोन्हींचा उद्देश एकच आहे : पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागला तरी खाते उघडू नये. फरक आहे तो कोड कुठे तयार होतो यात. एसएमएसचा ओटीपी वेबसाइटच्या यंत्रणेत तयार होतो आणि मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून आपल्या सिमकार्डापर्यंत प्रवास करतो. अ‍ॅपमधला कोड आपल्याच फोनमध्ये तयार होतो. तो कोणी पाठवत नाही, त्यामुळे वाटेत अडकत नाही आणि वाटेत कोणाला पळवताही येत नाही.

आपल्याकडे या फरकाला फार मोठा अर्थ आहे. समुद्राच्या अंगाला उतरलेल्या कितीतरी वाड्यांमध्ये घरात फायबरचे वायफाय असते, पण मोबाइलची रेंज नसते. पाहुण्यांचे बुकिंग तपासायला बसलेल्या बाईंना ओटीपीसाठी फोन घेऊन सड्यावर चढावे लागते, आणि त्या खाली येऊन संगणकासमोर बसेपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपलेली असते. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर कित्येक गावांत वीज आणि फोन बरेच दिवस बंद होते. अशा वेळी सगळ्या कंपन्यांचे मनोरे एकाच दिवशी सुरू होत नाहीत. शेजाऱ्याच्या फोनवरून इंटरनेट मिळाले तरी आपल्या सिमला रेंज नसेल तर आपला ओटीपी येत नाही. अ‍ॅपमधल्या कोडला सिमची गरजच नसते.

एसएमएसची आणखी एक कमजोरी म्हणजे तो माणसाला नव्हे, नंबरला येतो. कोणी आपल्या नावाने दुसरे सिम काढून घेतले, किंवा रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळाला, तर ओटीपीही त्याच्याकडे जाऊ लागतो. गावातल्या वृद्धांच्या बाबतीत ही दुसरी शक्यता बरीच खरी आहे.

इंटरनेट नसताना फोनला कोड कळतो तरी कसा?

रत्नागिरीतल्या घरात आणि डोंबिवलीतल्या घरात एकच पंचांग असले, की एकादशी कधी आहे हे फोन करून विचारावे लागत नाही. दोन्ही घरे आपापल्या भिंतीकडे पाहतात आणि एकच उत्तर देतात. या कोडचे काम तसेच चालते.

कोड लावताना वेबसाइट जो क्यूआर कोड दाखवते, त्यात एक गुप्त किल्ली असते : रोमन अक्षरे आणि २ ते ७ हे अंक यांची लांबलचक मालिका. क्यूआर स्कॅन केला की तीच किल्ली वेबसाइटकडे आणि आपल्याकडे अशी दोन्ही ठिकाणी राहते. पुढे दोन्हीकडे एकच गणित चालते. जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले ते मोजायचे, त्याला ३० ने भागायचे, आणि येणारा पूर्णांक व गुप्त किल्ली यांच्यावर एचमॅक नावाची गणिती प्रक्रिया करून तिच्या उत्तरातून सहा आकडे काढायचे. आपल्या घड्याळानुसार १ जानेवारी २०२५ च्या पहाटे साडेपाच वाजता तो पूर्णांक ५,७८,५६,३२० होता. अर्ध्या मिनिटाने तो ५,७८,५६,३२१ झाला आणि कोड बदलला. या पूर्णांकात गुपित असे काही नाही, तो कोणालाही मोजता येतो. गुपित सगळे त्या किल्लीत आहे.

या पद्धतीला टीओटीपी म्हणतात आणि ती मे २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. ती सर्वांना खुली असल्यामुळे वेबसाइटने एखाद्या विशिष्ट ऑथेंटिकेटर (कोड तयार करून दाखवणाऱ्या) अ‍ॅपचे नाव लिहिले असले, तरी बहुतेक वेळा कोणतेही टीओटीपी अ‍ॅप चालते, आणि पासवर्ड मॅनेजरही चालतो.

वेगळे ऑथेंटिकेटर अ‍ॅप असताना कोड पासवर्ड मॅनेजरमध्ये कशासाठी ठेवायचे?

मुख्य कारण फोन हरवण्याचे आहे. नुसत्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधल्या किल्ल्या पुष्कळदा एकाच फोनमध्ये असतात आणि तो फोन गेला की सगळ्याच खात्यांची दारे एकदम बंद होतात. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा दुकानांतला माल, वह्या, संगणक आणि फोन एकाच रात्री गेले. पासवर्ड मॅनेजर आपली तिजोरी कुलूपबंद स्वरूपात कंपनीच्या सर्व्हरवर आणि आपल्या इतर उपकरणांवरही ठेवतो. त्यामुळे नव्या फोनवर मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड, टाकला की पासवर्डांबरोबर कोडही परत मिळतात.

दुसरे कारण सोयीचे आहे आणि ते कमी महत्त्वाचे मानू नये. जी गोष्ट रोज त्रास देते ती माणसे बंद करून टाकतात. मॅनेजर पासवर्ड भरतो आणि त्याच हालचालीत कोडही भरतो किंवा चिकटवण्यासाठी तयार ठेवतो, तेव्हा द्विस्तरीय पडताळणी वर्षानुवर्षे चालू राहते.

पासवर्ड आणि कोड एकाच तिजोरीत ठेवले, तर दोन स्तर उरले कुठे?

हा या विषयातला सर्वांत रास्त प्रश्न आहे, आणि जाणकारांमध्येही यावर दोन मते आहेत. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

तोटा आधी सांगतो. ज्याच्या हाती उघडी तिजोरी लागली, त्याला पासवर्ड आणि कोड दोन्ही मिळतात. वेगळ्या अ‍ॅपमध्ये कोड असता तर त्याला निम्माच ऐवज मिळाला असता. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीकडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब आणि वेगळा होता त्यांच्या तिजोरीचे कुलूप फोडणे अवघड होते. ज्यांचा तोकडा होता त्यांना धोका होता, आणि अशा वेळी कोडच्या किल्ल्याही आत असतील तर नुकसान दुप्पट होते.

आता दुसरी बाजू. आपल्या ओळखीच्या माणसांची खाती प्रत्यक्षात कशी जातात ते आठवून पाहावे. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरलेला असतो आणि त्यातल्या एका वेबसाइटवरून तो फुटतो. कोणाच्या तरी पाठीमागे उभे राहून तो पाहिलेला असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो लिहिलेला असतो. या सगळ्या प्रकारांत चोराकडे फक्त पासवर्ड असतो, तिजोरी नसते. त्यामुळे कोड तिजोरीत असला तरी तो चोराला अडवतो. तिजोरी ज्या फोनमध्ये आहे तो फोन हाच अशा वेळी दुसरा स्तर ठरतो.

माझे मत असे आहे की बहुसंख्य खात्यांचे कोड मॅनेजरमध्ये ठेवावेत, पण दोन खात्यांचे ठेवू नयेत : एक पासवर्ड मॅनेजरचे स्वतःचे खाते आणि दुसरे मुख्य ई-मेलचे. इतर सर्व वेबसाइटच्या ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यांची पत्रे ई-मेलवर येतात, म्हणजे ई-मेल ज्याच्या हातात त्याच्या हातात घर. या दोन खात्यांचे कोड वेगळ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये असावेत. शेअर बाजारात ज्यांची मोठी रक्कम आहे त्यांनी ते खाते तिसरे धरावे.

हे सर्व मास्टर पासवर्डाच्या बळावर उभे आहे. पाच-सहा असंबद्ध शब्द शब्दकोश सहज उघडून निवडावेत आणि रोमन लिपीत लिहावेत. ‘पाटा-विमान-कोकम-तारीख-सुतळी’ या धर्तीचे, अर्थात हेच नव्हे. म्हण, आरतीची ओळ, कुलदैवत, गाव किंवा नातवंडाचे नाव यांपैकी काहीही घेऊ नये, कारण अंदाज करणारा पहिल्यांदा तेच करून पाहतो.

पासवर्ड मॅनेजरच्या स्वतःच्या खात्याचा कोड कुठे ठेवायचा?

त्याच मॅनेजरमध्ये कधीही नाही. कपाटाची एकुलती एक किल्ली कपाटात ठेवून दार ओढून घेतल्यासारखे ते होईल.

ही चूक माझ्याकडून दुसऱ्या वाटेने घडली. मॅनेजरचा कोड मी वेगळ्या अ‍ॅपमध्ये ठेवला होता, पण ते अ‍ॅप एकाच फोनमध्ये होते आणि रिकव्हरी कोड, म्हणजे कोडचा फोन गेला तर खात्यात शिरण्यासाठी कंपनी देते तो राखीव कोड, मी कागदावर उतरवून घेतला नव्हता. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना कठड्यावरून फोन निसटला आणि खाडीत गेला. मास्टर पासवर्ड मला पाठ होता, तरी दार उघडेना. कंपनीला लिहिले, तिजोरीचे कुलूप आम्हाला उघडता येत नाही आणि खात्याची दुसरी पायरी आम्ही काढून देत नाही, असे स्पष्ट उत्तर आले. घरच्या लॅपटॉपवर तिजोरी अजून चालू होती, म्हणून तिथून सगळी नोंद उतरवून घेता आली. तेवढ्या एका आधारावर साठ-पासष्ट खाती वाचली, आणि ती नव्या तिजोरीत लावायला मला चार दिवस लागले. लॅपटॉपवरचा मॅनेजर त्या आठवड्यात आपणहून लॉगआउट झाला असता, तर तोही आधार राहिला नसता.

तेव्हापासून मी कोणाचेही खाते लावायला बसतो तेव्हा पहिल्यांदा कोरा कागद मागतो. त्या कागदावर मॅनेजरचे नाव, खात्याचा ई-मेल, मास्टर पासवर्ड आणि रिकव्हरी कोड लिहिला जातो. वनपासवर्ड हा मॅनेजर वापरणाऱ्यांसाठी ३४ अक्षर-अंकांची सीक्रेट की असते, तीही त्यावर येते. मास्टर पासवर्ड पाठ असला तरी त्या कीशिवाय नव्या उपकरणावर तिजोरी उघडत नाही. बिटवॉर्डन या मॅनेजरमध्ये रिकव्हरी कोड वापरला की द्विस्तरीय पडताळणी बंद होते आणि खात्यात शिरता येते. म्हणजे हा कोड म्हणजे खरोखरीची किल्लीच आहे, आणि तो लिहून झाल्याशिवाय मी पुढच्या पायरीवर जात नाही.

पण आपल्याकडे कागद पावसाळ्यात टिकतो का?

तसाच ठेवला तर टिकत नाही. जेल पेनाची शाई ओलीने पसरते आणि तीन महिन्यांत अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून साध्या बॉलपेनने, ठळक आणि सुटे अक्षर काढून लिहावे. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांच्या खाली खूण करावी. कागद प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत घालून ती पिशवी स्टीलच्या डब्यात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावी, कारण लाकडी कपाटाच्या पाठीमागून वाळवी येते आणि ती सातबारा व रिकव्हरी कोड यांत भेद करत नाही. दुसरी प्रत दुसऱ्या घरात असावी : नदीकाठच्या घरात एक असेल तर दुसरी चढावरच्या नातेवाइकाकडे किंवा मुंबईतल्या मुलीकडे. या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. क्यूआर कोडच्या स्क्रीनशॉटचेही तेच. त्या चौकोनात तीच गुप्त किल्ली असते, आणि गॅलरीतले फोटो आपल्या नकळत कुठे कुठे जाऊन बसतात.

कोड प्रत्यक्ष लावायचा कसा?

पहिल्यांदा शक्य असेल तर संगणक आणि फोन दोन्ही घेऊन बसावे. संगणकावर त्या वेबसाइटच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा विभाग उघडून ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ किंवा तत्सम नावाखाली ‘ऑथेंटिकेटर अ‍ॅप’ हा पर्याय निवडला, की क्यूआर कोड दिसतो. फोनवर पासवर्ड मॅनेजरमध्ये त्याच वेबसाइटची जुनी नोंद संपादनासाठी उघडावी, ऑथेंटिकेटर किंवा वन-टाइम पासवर्डच्या रकान्यातून कॅमेरा चालू करावा आणि तो चौकोन स्कॅन करावा. नोंद जतन केली की तिच्याखाली सहा आकडे आणि घटत जाणारे वर्तुळ दिसू लागते. वर्तुळ संपत आले असेल तर पुढच्या कोडची वाट पाहावी आणि तो वेबसाइटवर टाकावा.

सगळे एकाच फोनवर करायचे असेल तर फोनला स्वतःच्याच पडद्यावरचा क्यूआर कॅमेऱ्याने टिपता येत नाही. त्यासाठी ‘स्कॅन करता येत नाही?’ अशा अर्थाचा दुवा क्यूआरखाली असतो; तो दाबला की किल्ली अक्षरांत दिसते, ती कॉपी करून मॅनेजरच्या रकान्यात चिकटवावी.

यानंतर वेबसाइट आठ-दहा बॅकअप कोड (फोन नसताना वापरायचे राखीव कोड) दाखवते आणि इथेच बहुतेक जण घाईने ‘पुढे’ दाबतात. ते कोड उतरवून घ्यावेत. शेवटी, जुने सत्र (आधीचे लॉगिन) बंद न करता दुसऱ्या ब्राउझरमधून एकदा नव्याने लॉगिन करून पाहावे. कोड चालला तरच काम झाले असे समजावे.

कोड बरोबर टाकूनही ‘चुकीचा कोड’ असे का येते?

दहापैकी नऊ वेळा फोनचे घड्याळ कारणीभूत असते. आपल्याकडे घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवण्याची पद्धत आहे. एसटी चुकू नये म्हणून भिंतीवरचे घड्याळ पुढे केलेले असते आणि काही जण फोनचेही करतात. बहुतेक वेबसाइट मागचा-पुढचा एखादा कोड चालवून घेतात, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाची सूट असते. पाच मिनिटे पुढे असलेला फोन दहा कोड पुढचे उत्तर देतो आणि वेबसाइट ते नाकारते. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की अडचण सुटते. परदेशी गेल्यावर मात्र काही करावे लागत नाही, कारण सगळा हिशेब जागतिक प्रमाणवेळेत होतो. एकाच खात्याची किल्ली दोघांकडे असेल, तर आखातात नोकरीला असलेल्या मुलाच्या फोनवर आणि इथे आईच्या फोनवर त्या क्षणी एकच कोड असतो.

घड्याळ ठीक असेल तर एकाच वेबसाइटच्या दोन नोंदी झाल्या आहेत का ते तपासावे. क्यूआर दुसऱ्यांदा घेतला आणि त्याने पडताळणी पूर्ण केली, की साधारणपणे पहिली किल्ली बाद होते.

होमस्टेचे खाते घरातले तिघे चालवतात. कोड सर्वांना कसा मिळेल?

नवरा-बायको गावात, मुलगा नोकरीसाठी मुंबईत, आणि बुकिंगचे खाते आईच्या नंबरवर, ही रचना मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. मुलाने मुंबईतून लॉगिन केले की आईचा फोन वाजतो : ‘आई, नंबर आला का गो? सांग लवकर.’ आई चूल सोडून येते, चष्मा शोधते, आकडे वाचून दाखवते.

मला या दृश्यात गैरसोयीपेक्षा मोठा धोका दिसतो. फोनवर आलेले आकडे फोनवर सांगायचे, ही सवय त्या माउलीला आपणच लावलेली असते. उद्या बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाने तेच मागितले, तर तिला त्यात वावगे का वाटावे? पासवर्ड मॅनेजरमध्ये कुटुंबासाठी सामायिक तिजोरी करता येते. त्यात बुकिंगची नोंद ठेवली की तिघांच्याही फोनवर एकाच वेळी तोच कोड दिसतो आणि कोणी कोणाला विचारावे लागत नाही. एकदा घरातून ओटीपी विचारण्याचे फोन बंद झाले, की बाहेरून येणारा असा प्रत्येक फोन आपोआप संशयास्पद ठरतो. मी कुटुंबांना मॅनेजर घ्यायला सांगतो त्यामागचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

कामावरचा माणूस सोडून गेला तर त्याचा प्रवेश काढून टाकणे पुरेसे नसते. त्याने किल्ली पाहिलेली असू शकते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड आणि कोड दोन्ही नव्याने लावावेत.

कोणता मॅनेजर घ्यावा?

बिटवॉर्डनमध्ये पासवर्ड ठेवणे मोफत आहे, पण मॅनेजरच्या आत कोड तयार करण्याची सोय सशुल्क योजनेत मिळते. २०२४ पासून त्यांचे वेगळे मोफत ऑथेंटिकेटर अ‍ॅपही आहे. वनपासवर्ड पूर्णपणे सशुल्क आहे. ज्यांच्या घरात सगळी उपकरणे अ‍ॅपलची आहेत, त्यांना २०२१ च्या आयओएस १५ पासून ही सोय फोनमध्येच आहे, आणि आयओएस १८ पासून ‘पासवर्ड्स’ नावाचे स्वतंत्र अ‍ॅप आहे. कीपासएक्ससी हे मोफत आणि मुक्तस्रोत असून त्याची तिजोरी म्हणजे आपल्या संगणकावरची एक फाइल असते; अँड्रॉइडवर तीच फाइल कीपासडीएक्समध्ये उघडते. त्यात कंपनीचा सर्व्हर नाही, तसेच आपल्यासाठी प्रत ठेवणारेही कोणी नाही. पेन ड्राइव्हवर नियमाने प्रत घेण्याची शिस्त असेल त्यांनीच ते निवडावे.

बँक, आधार आणि ई-वे बिलाचे कोडही यात येतील का?

बँकांचे बहुतांश ओटीपी एसएमएसनेच येतात आणि ते मॅनेजरमध्ये आणता येत नाहीत. एमआधार अ‍ॅपमध्ये आठ आकडी, ३० सेकंद चालणारा टीओटीपी मिळतो, पण तो त्या अ‍ॅपपुरताच असतो. काजूगर बाहेर पाठवणाऱ्या कारखान्यांना ई-वे बिलासाठी, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटी कागदासाठी, १ एप्रिल २०२५ पासून द्विस्तरीय पडताळणी सक्तीची झाली आहे; मोठ्या उलाढालीच्या करदात्यांना ती त्याआधीच लागू झाली होती. तिथे एसएमएस, सरकारी संदेस अ‍ॅप किंवा कोड तयार करणारे एनआयसी-जीएसटी-शील्ड हे अ‍ॅप असे पर्याय आहेत. शील्ड अ‍ॅपला इंटरनेट लागत नाही, म्हणून रेंज नसलेल्या ठिकाणी तेच घ्यावे असे मी सुचवतो. ई-मेल, सोशल मीडिया, वेबसाइटचे डोमेन आणि अनेक शेअर दलालांची खाती मात्र मॅनेजरच्या कोडवर चालतात.

यूपीआय पिन तिजोरीत ठेवू नये. तो डोक्यातच राहू द्यावा.

माझे कोड आधीच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये आहेत. ते हलवता येतात का?

काही अ‍ॅपमधून निर्यात होते आणि काही मॅनेजर ती वाचू शकतात. जमत नसेल तर एकेका वेबसाइटवर जाऊन जुना कोड टाकून नवा क्यूआर घ्यावा लागतो. कंटाळवाणे आहे, पण रोज पाच खाती केली तर आठवड्यात संपते. नव्या कोडने एकदा लॉगिन झाल्याशिवाय जुन्या अ‍ॅपमधली नोंद पुसू नये.

खोट्या वेबसाइटपासून हा कोड वाचवतो का?

पूर्णपणे नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पानावर आपण पासवर्ड आणि कोड दोन्ही टाकले, तर पलीकडचा माणूस ते तीस सेकंदांच्या आत खऱ्या वेबसाइटवर वापरू शकतो. मॅनेजरचा उपयोग इथे निराळ्या प्रकारे होतो : तो पानाचे रूप पाहत नाही, पत्ता पाहतो. पत्ता एका अक्षरानेही वेगळा असला तर तो पासवर्ड भरायला पुढे येत नाही. रोज आपोआप भरणारा रकाना आज रिकामा का, असा प्रश्न पडला की तिथेच थांबावे आणि हाताने पासवर्ड टाकू नये. पासकीची, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनच्या कुलपाने लॉगिन करण्याची, सोय असेल तिथे ती घ्यावी. पासकी त्या पत्त्याशीच बांधलेली असल्यामुळे खोट्या पत्त्यावर ती चालतच नाही.

सेवा केंद्रातल्या किंवा कॅफेतल्या संगणकावर काय करावे?

तिथे तिजोरी उघडू नये. आपल्या फोनवर ती उघडून सहा आकडे वाचावेत आणि हाताने टाकावेत. काम झाले की लॉगआउट करावे आणि घरी आल्यावर तो पासवर्ड बदलावा.

फोन हरवला किंवा चोरीला गेला तर पहिल्यांदा काय करायचे?

पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन. त्यानंतर सिम बंद करून घ्यावे आणि पोलिसांत तक्रार दिल्यावर तिची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाच्या आधारे फोनही बंद करता येतो. मग ट्रंकेतला कागद काढून दुसऱ्या उपकरणावर मॅनेजर उघडावा आणि जुन्या फोनवरचे सत्र तिथून काढून टाकावे. रिकव्हरी कोड वापरल्यामुळे पडताळणी बंद झाली असेल, तर ती लगेच पुन्हा चालू करून नवा रिकव्हरी कोड दोन्ही कागदांवर लिहावा.

फोनला कुलूप होते आणि मॅनेजरलाही स्वतंत्र कुलूप होते, तर बाकीची खाती सवडीने पाहिली तरी चालते. फोन उघडा असताना हातातून गेला असेल, तर मात्र नुसते पासवर्ड बदलून भागत नाही. पासवर्ड बदलल्याने कोडची गुप्त किल्ली बदलत नाही. जुनी किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला कोड मिळतच राहतात. त्यासाठी प्रत्येक वेबसाइटवर द्विस्तरीय पडताळणी बंद करून पुन्हा चालू करावी लागते, म्हणजे नवा क्यूआर आणि नवी किल्ली मिळते. सुरुवात ई-मेलपासून करावी, मग पैशांशी संबंधित खाती, आणि त्यानंतर बाकीची.